मेमरी संपली, पण कोणाची?

अँड्रॉइड स्टुडिओत बिल्ड चालू असतं, खाली ग्रेडलच्या टास्कची नावं सरकत असतात, लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागतो आणि मग लाल अक्षरांत ओळ उमटते: ‘आउट ऑफ मेमरी एरर: जावा हीप स्पेस’. यावर जिकडेतिकडे मिळणारा सल्ला एकच. एक्सएमएक्सचा, म्हणजे जावाच्या ‘हीप’ नावाच्या मेमरीच्या कमाल मर्यादेचा, आकडा वाढवा. कोणी चार जीबी करायला सांगतो, कोणी आठ. आकडा वाढवला की काही दिवस बरे जातात आणि नंतर बिल्ड राहतं बाजूला, अख्खा लॅपटॉपच गुदमरायला लागतो. माउस हलवला तरी बाण जागचा हलत नाही.

त्या लाल ओळीत मेमरी संपल्याचं सांगितलेलं असतं, पण ती कोणाची संपली हे शोधण्याचं काम आपल्यावर सोडलेलं असतं. स्टुडिओचं एक चिन्ह दाबून आपण एकच सॉफ्टवेअर उघडतो असं वाटतं खरं, पण प्रत्यक्षात तीन-चार स्वतंत्र प्रोसेस उठून बसतात आणि प्रत्येकीची मेमरीची मर्यादा वेगळी असते. विहीर एक आणि तिच्यावर पंप चार, असा हा मामला आहे. एका पंपाची ताकद वाढवली म्हणून विहिरीतलं पाणी वाढत नाही.

तेव्हा आधी टास्क मॅनेजर उघडा. बिल्ड चालू असताना त्यात स्टुडिओची प्रोसेस दिसेल. तिच्याखेरीज ‘ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी’ या नावाच्या एक किंवा अधिक नोंदी दिसतील. यातली एक ग्रेडलचा डेमन, म्हणजे बिल्ड करणारी आणि काम संपल्यावरही मागे जागी राहणारी प्रोसेस. दुसरी बहुधा कोटलिन कंपायलरचा डेमन. एम्युलेटर चालू असेल तर त्याची ‘क्यूईएमयू’ नावाने सुरू होणारी नोंद असते, आणि तिचं पोट बरंच मोठं असतं. दोन नोंदींचं नाव सारखंच असेल तर कोणती कोणाची हे कळावं म्हणून ‘डीटेल्स’ टॅबमध्ये स्तंभांच्या मथळ्यावर राइट-क्लिक करून ‘कमांड लाइन’ हा स्तंभ सुरू करा. प्रोसेस कोणत्या पर्यायांनिशी सुरू झाली ते तिथे सबंध वाचता येतं. जेडीकेसोबत येणारी ‘जेपीएस’ ही कमांड मायनस एलव्ही लावून चालवली तरी हेच कळतं: ‘ग्रेडल डेमन’, ‘कोटलिन कंपाइल डेमन’ अशी नावं आणि शेजारी प्रत्येकाचा एक्सएमएक्सचा आकडा. माझ्या मते हे पाहिल्याशिवाय कुठल्याही सेटिंगला हात लावू नये.

आता लाल ओळ शेवटपर्यंत वाचा. ‘आउट ऑफ मेमरी’ हे शब्द बघताच बहुतेक जण थांबतात, पण खरी माहिती त्याच्या पुढे असते. ‘जावा हीप स्पेस’ असेल तर त्या प्रोसेसच्या हीपची कमाल मर्यादा गाठली गेली, सरळ प्रकरण. ‘जीसी ओव्हरहेड लिमिट एक्सीडेड’ हा त्याचाच भाऊ. जावाच्या पॅरलल कलेक्टरला ९८ टक्क्यांहून जास्त वेळ नुसता कचरा गोळा करण्यात घालवावा लागतोय आणि त्यातून २ टक्क्यांहूनही कमी हीप मोकळी होतेय, असं झालं की तो हात टेकतो आणि ही एरर देतो. ‘मेटास्पेस’ हा शब्द आला तर गोष्ट वेगळी. तिथे क्लासची माहिती साठवली जाते, आणि एक्सएमएक्स दुप्पट केला तरी तिला काडीचा उपयोग होत नाही. तिच्यासाठी ‘मॅक्स मेटास्पेस साइझ’ हा वेगळा पर्याय आहे. ‘अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड’ आलं तर हीप वाढवणं उलट अंगाशी येऊ शकतं, कारण थ्रेडना लागणारी जागा हीपच्या बाहेरची असते.

आणखी दोन ओळी ओळखून ठेवण्यासारख्या आहेत. ग्रेडल जेव्हा ‘एक्स्पायरिंग डेमन बिकॉज जेव्हीएम हीप स्पेस इज एक्झॉस्टेड’ असं म्हणतो, तेव्हा डेमनची हीप कमी पडली हे तो स्वतःच कबूल करतो. पण ‘ग्रेडल बिल्ड डेमन डिसअपिअर्ड अनएक्स्पेक्टेडली’ असं लिहून आलं तर त्याचा अर्थ डेमन मध्येच गायब झाला. तो कोसळला असेल किंवा ऑपरेटिंग सिस्टिमनेच त्याला मारलं असेल. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ‘एचएस-एरर-पीआयडी’ने सुरू होणारी लॉग फाइल पडली आहे का बघा, आणि तिच्या सुरुवातीलाच ‘इनसफिशंट मेमरी’ असं लिहिलेलं असेल तर हीप वाढवण्याचा विचारही करू नका. मशीनमध्ये देण्यासारखी मेमरीच उरलेली नाही. अशा वेळी आकडे वाढवायचे नसतात, कमी करायचे असतात. ही एकच खूण लक्षात ठेवली तरी निम्म्या लोकांचं काम होईल.

ग्रेडलचा आकडा

बिल्डच्या वेळी येणारी एरर बहुतेकदा ग्रेडलच्या डेमनची असते. ग्रेडल ५.० पासून या डेमनला काहीही सांगितलं नाही तर तो फक्त ५१२ एमबी हीप घेतो. स्टुडिओत नवा प्रोजेक्ट बनवला की ‘ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज’ या फाइलमध्ये ‘ऑर्ग डॉट ग्रेडल डॉट जेव्हीएमआर्ग्ज’ अशी ओळ आपोआप येते आणि तिच्यात २०४८ एमबी लिहिलेलं असतं. जुना किंवा दुसऱ्याकडून आलेला प्रोजेक्ट असेल तर ती ओळ आहे का ते आधी बघा. तिच्यात एक्सएमएक्स टाइप करताना अक्षरांकडे लक्ष द्या. मायनसचं चिन्ह, मग कॅपिटल एक्स, मग लहान एम आणि लहान एक्स, लगेच आकडा आणि त्याला चिकटून एम किंवा जी. मध्ये कुठेही जागा सोडायची नाही. शेवटचं अक्षर राहून गेलं तर जावा त्या आकड्याचा अर्थ नुसते बाइट असा लावतो आणि ‘हीप फारच लहान आहे’ म्हणून सुरूच होत नाही.

फाइल बदलली, तरी फरक नाही? मग घरच्या फोल्डरमधल्या ‘डॉट ग्रेडल’मध्ये याच नावाची दुसरी फाइल आहे का पाहा. असेल तर तिच्यातली ओळ प्रोजेक्टच्या ओळीवर मात करते. कधीतरी कोणाच्या तरी सांगण्यावरून तिथे टाकलेला आकडा वर्षानुवर्षं तसाच बसून असतो आणि आपण मात्र प्रोजेक्टची फाइल बदलत बसतो.

दुसरी भानगड जास्त छुपी आहे. स्टुडिओ स्वतःबरोबर आलेला जावा वापरतो. टर्मिनलमधून तुम्ही ‘ग्रेडलडब्ल्यू’ चालवता तेव्हा मात्र ‘जावा होम’मध्ये लिहिलेला जावा वापरला जातो. हे दोन वेगळे निघाले की ग्रेडल दोन वेगळे डेमन उभे करतो आणि दोघेही आपापली हीप धरून बसतात. काम नसलं तरी डेमन लगेच जात नाही. तीन तास रिकामा राहिल्यावरच तो आपणहून बंद होतो. सकाळी टर्मिनलमधून एक बिल्ड केलं आणि मग स्टुडिओत कामाला लागलात, की दुपारपर्यंत दीड-दोन जीबी विनाकारण अडकलेली असू शकते. ‘ग्रेडलडब्ल्यू’ला दोन मायनस आणि ‘स्टेटस’ लावून चालवा, म्हणजे किती डेमन जागे आहेत ते कळेल. ‘स्टॉप’ लावून चालवा, म्हणजे ते बंद होतील. फक्त एवढं ध्यानात असू द्या की ही कमांड त्याच आवृत्तीच्या ग्रेडलचे डेमन बघते. तीन प्रोजेक्टमध्ये तीन आवृत्त्या असतील तर प्रत्येक प्रोजेक्टमध्ये जाऊन ती चालवावी लागेल. कायमचा इलाज म्हणून स्टुडिओच्या सेटिंगमध्ये ‘ग्रेडल जेडीके’ या ठिकाणी ‘जावा होम’च निवडा.

डीबग बिल्ड नीट होतं आणि रिलीज बिल्डच मरतं, अशी तक्रार असेल तर संशय आर८ या कोड आकसवणाऱ्या साधनावर घ्या. कोड आकसवताना त्याला सगळ्या लायब्ररींचा कोड एकत्र डोळ्यांसमोर ठेवावा लागतो, म्हणून त्या वेळची भूक मोठी असते. इथे हीप वाढवणं रास्तच आहे. त्याआधी ‘ऑर्ग डॉट ग्रेडल डॉट वर्कर्स डॉट मॅक्स’ हा आकडा २ करून बघा. ग्रेडल प्रोसेसरच्या कोअर मोजून तेवढी कामं एकदम काढतो. कामं कमी केली की एका वेळची मेमरीही कमी लागते. बिल्डला थोडा वेळ जास्त लागेल, पण ते पूर्ण होईल.

टेस्ट चालवतानाच एरर येत असेल तर वर लिहिलेलं काहीच लागू पडत नाही. टेस्ट वेगळ्या जेव्हीएममध्ये चालतात आणि त्या जेव्हीएमची मर्यादा पुन्हा ५१२ एमबी. तिथे बिल्ड फाइलमधल्या टेस्टच्या टास्कमध्ये ‘मॅक्स हीप साइझ’ लिहावा लागतो. मेव्हन वापरणाऱ्यांचंही तेच. ‘मेव्हन ऑप्ट्स’मधला आकडा मेव्हनला मिळतो, शुअरफायरने उभ्या केलेल्या टेस्टच्या प्रोसेसला नाही, तिला ‘आर्गलाइन’मधून सांगावं लागतं.

आठ जीबीचा हिशेब

इंजिनिअरिंगच्या मुलांकडे अजूनही आठ जीबीचेच लॅपटॉप पुष्कळ दिसतात. गूगल नुसत्या स्टुडिओसाठी किमान ८ जीबी आणि एम्युलेटरसकट १६ जीबी रॅम सांगतं. तरी दिवस काढायचे असतील तर हिशेब मांडावाच लागतो. विंडोज आणि त्याच्या मागे चालणाऱ्या गोष्टी अडीच-तीन जीबी खातात. स्टुडिओला दोन जीबी हीप दिली, तर प्रोसेस प्रत्यक्षात त्याहून जास्त घेते, कारण एक्सएमएक्स फक्त हीप मोजतो. मेटास्पेस, कंपाइल झालेला कोड, थ्रेडचे स्टॅक हे सगळं त्याच्या बाहेरचं. ग्रेडलला दोन जीबी. कोटलिनचा डेमन, वेगळं सांगितलं नाही तर, ग्रेडलचेच पर्याय उचलतो, म्हणजे त्यालाही दोनपर्यंत जायची मुभा. एम्युलेटरची दोन. शिवाय ब्राउझर. बेरीज बारा-तेरा जीबीवर जाते. एक्सएमएक्स ही वरची मर्यादा असते, जावा ती पहिल्याच क्षणी घेऊन टाकत नाही हे खरं; पण मोठं बिल्ड चाललं की सगळे एकाच वेळी वर चढतात, विंडोज मेमरीतला मजकूर डिस्कवर टाकायला लागतं आणि वर म्हटलेला, माउससुद्धा न हलणारा प्रकार सुरू होतो.

या हिशेबात सर्वांत सोपी वजाबाकी एम्युलेटरची. यूएसबी केबल लावा आणि हातातला फोन वापरा. अँड्रॉइड ११ किंवा त्यापुढचा फोन असेल तर वायफायवरूनही डीबगिंग होतं, केबलचीसुद्धा गरज नाही. त्यानंतर स्टुडिओची हीप १२८० ते १५३६ एमबीच्या आसपास आणा. सेटिंगमध्ये ‘सिस्टिम सेटिंग्ज’च्या खाली ‘मेमरी सेटिंग्ज’ नावाचं पान आहे, तिथे स्टुडिओ, ग्रेडल आणि कोटलिन या तिघांचे आकडे शेजारी शेजारी बदलता येतात. स्टुडिओचा आकडा बदलल्यावर तो बंद करून पुन्हा उघडायचा. ग्रेडलला १५३६ पासून सुरुवात करा, कमी पडलं तर २०४८. कोटलिनसाठी ‘कोटलिन डॉट डेमन डॉट जेव्हीएमआर्ग्ज’मध्ये वेगळा लहान आकडा द्या, किंवा कंपायलरची पद्धत ‘इन-प्रोसेस’ करा. तसं केलं की कोटलिन ग्रेडलच्याच पोटात चालतं, वेगळी प्रोसेस उठत नाही. मात्र मग ग्रेडलचा आकडा तेवढा चढा ठेवावा लागतो.

स्टुडिओची हीप कमी केल्यावर तो स्वतः रडायला लागला तर? आधी खालच्या स्टेटस पट्टीवर राइट-क्लिक करून ‘मेमरी इंडिकेटर’ चालू करा. वापरलेली आणि मिळालेली मेमरी तिथे सतत दिसत राहते. कमाल आकड्याला ती सतत टेकलेली दिसली तरच वाढवा. मधूनमधून वर जाऊन खाली येत असेल तर तो नेहमीचा श्वासोच्छ्वास आहे, त्याला हात लावायचं कारण नाही. दोन प्रोजेक्ट दोन खिडक्यांत उघडे असले तरी प्रोसेस एकच असते, त्यामुळे नको असलेली खिडकी मिटवली की हीप लगेच हलकी होते. न लागणारे प्लगइन बंद करणं हा असाच साधा पण गुणकारी उपाय.

जुन्या पुड्या

शोधल्यावर सापडणाऱ्या उत्तरांना तारीख असते, ती बघत जा. ‘मॅक्स पर्म साइझ’ वाढवा असं कोणी सांगितलं तर ते उत्तर जावा ८ च्या आधीचं आहे. २०१४ मध्ये आलेल्या जावा ८ ने पर्मजेन काढून मेटास्पेस आणला. तेव्हापासून हा पर्याय नुसती सूचना देऊन दुर्लक्षित व्हायचा. जावा १७ मध्ये तो साफ काढून टाकला आहे, आणि जुन्या प्रोजेक्टच्या फाइलमध्ये तो राहून गेला असेल तर ‘अनरेकग्नाइज्ड व्हीएम ऑप्शन’ असं म्हणून डेमन सुरूच होत नाही. आपल्याला वाटतं मेमरीचा घोळ आहे, असतो तो एका जुन्या शब्दाचा. ‘डेक्स ऑप्शन्स’मध्ये चार जीबी लिहायला सांगणारी उत्तरंही अशीच शिळी झाली आहेत. ३२ बिटचा जावा लागलेला असेल तर विंडोजवर दीड जीबीच्या आसपासच हीपची हद्द संपते आणि त्यापुढचा आकडा दिला की ‘कुड नॉट रिझर्व्ह इनफ स्पेस’ असं उत्तर येतं. ६४ बिटचा जावा घाला, एवढंच.

एक्लिप्स वापरणाऱ्यांनी ‘एक्लिप्स डॉट आयएनआय’ उघडावी. एक्सएमएक्सची ओळ ‘व्हीएमआर्ग्ज’ या ओळीच्या खालीच हवी आणि प्रत्येक पर्याय स्वतंत्र ओळीवर हवा. वर लिहिली तर तिची कोणी दखलच घेत नाही. नोडवर काम करताना ‘जावास्क्रिप्ट हीप आउट ऑफ मेमरी’ आलं तर ‘नोड ऑप्शन्स’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ‘मॅक्स ओल्ड स्पेस साइझ’ द्या. तिथला आकडा एमबीत असतो. लिनक्सवर किंवा कंटेनरमध्ये प्रोसेस १३७ हा क्रमांक देऊन संपली तर कर्नलने तिला सक्तीने मारलं असण्याची दाट शक्यता आहे. १२८ मध्ये सिग्नलचा ९ मिळवलेला, म्हणून १३७. ‘डीमेसेज’च्या नोंदींत खात्री करून घ्या.

चूक आपल्याच कोडमध्ये असेल तर

एरर लॉगकॅटमध्ये दिसत असेल, म्हणजे ॲप फोनवर चालताना येत असेल, तर वरची सगळी सेटिंग्ज विसरा. तिथे मेमरी फोनवरच्या ॲपची संपली आहे. याचं नेहमीचं कारण फोटो. १२ मेगापिक्सेलचा फोटो डिस्कवर तीन-चार एमबीचा असतो म्हणून आपण निर्धास्त असतो. पडद्यावर दाखवण्यासाठी तो उलगडला की ४००० गुणिले ३००० असे एक कोटी वीस लाख पिक्सेल होतात आणि नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक पिक्सेलला चार बाइट. म्हणजे एका फोटोला ४ कोटी ८० लाख बाइट, साधारण ४८ एमबी. असे दहा फोटो यादीत मूळ आकारात उलगडायचे म्हटले तर स्वस्त फोनमध्ये ॲप बसणार कसं? अंगठ्याएवढ्या चौकटीत दाखवायचा फोटो तेवढाच लहान करून उलगडावा. ग्लाइड किंवा कॉइल लायब्ररी हे काम आपणहून करते. मॅनिफेस्टमध्ये ‘लार्ज हीप’ लिहून वेळ मारून नेण्याची सवय मला पटत नाही. दुखणं आहे तिथेच राहतं आणि पुढच्या मोठ्या यादीत पुन्हा डोकं वर काढतं.

फोटोंचा काही संबंध नाही, ॲप पाच मिनिटं नीट चालतं आणि पडदे बदलत राहिलं की मेमरी चढतच जाते, असं असेल तर गळती धरा. बंद झालेली ॲक्टिव्हिटी कुठल्यातरी स्थिर व्हेरिएबलने किंवा काढून न टाकलेल्या लिसनरने धरून ठेवलेली असते. डीबग बिल्डमध्ये लीककॅनरी घाला. कोणी कोणाला धरलं आहे त्याची साखळी ती टप्प्याटप्प्याने दाखवते. सर्व्हरवरच्या जावासाठी ‘हीप डंप ऑन आउट ऑफ मेमरी एरर’ हा पर्याय चालू ठेवा आणि पडलेली एचप्रॉफ फाइल एक्लिप्सच्या मेमरी ॲनालायझरमध्ये उघडून ‘लीक सस्पेक्ट्स’चा अहवाल काढा. स्टुडिओ किंवा इंटेलिजे स्वतः मेमरीअभावी कोसळला तरी अशीच फाइल घरच्या फोल्डरमध्ये पडते, एकेक जीबी-दोन जीबीची. सी ड्राइव्ह अचानक का भरला याचं उत्तर कधीकधी तिथे मिळतं. काम झालं की ती पुसून टाका, पण मदत हवी म्हणून ती जशीच्या तशी कोणाला पाठवू नका. त्या क्षणी मेमरीत असलेले पासवर्ड आणि टोकनसुद्धा तिच्यात असतात.

एवढं करूनही रोजचं काम अडत असेल तर रॅम वाढवणं हाच इलाज उरतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. दुकानात जाण्याआधी टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ टॅबमध्ये ‘मेमरी’वर क्लिक करा. किती स्लॉट आहेत आणि किती भरलेले आहेत ते तिथे लिहिलेलं असतं. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि मोकळा स्लॉटच नसतो, म्हणून मॉडेलच्या माहितीपत्रकातही एकदा बघून घ्या. डीडीआर४च्या खाचेत डीडीआर५ची पट्टी बसत नाही, त्यामुळे दुकानदाराला नुसतं ‘आठ जीबीची द्या’ म्हणून भागणार नाही. आणि पट्टी बसवून आल्यावर, ग्रेडलचे आणि स्टुडिओचे आवळलेले आकडे पुन्हा सैल करायला विसरू नका. ते आपोआप वाढत नाहीत.